पहिलीच्या वर्गाला मान देणारा उस्ताद : डॉ. झाकीर हुसेन

जून महिना आला की आपल्या घराघरांत एकच धावपळ असते. दप्तर, डबा, युनिफॉर्म, नवे बूट, वह्यांना कव्हर. त्याच सुमारास मोहल्ल्यातल्या एखाद्या घरातून एक मुलगी डी.एड. पूर्ण करून पहिल्यांदाच शिक्षिका म्हणून शाळेत निघालेली असते. नवी असल्यामुळे बहुतेक वेळा तिच्या वाट्याला पहिलीचा नाहीतर दुसरीचा वर्ग येतो. घरचे खूश होतात. लहान मुलंच तर आहेत, त्यात काय अवघड, असं नातेवाईक सांगतात. मोठे वर्ग अनुभवी शिक्षकांना आणि लहान वर्ग नव्यांना, हा जणू न लिहिलेला नियमच झाला आहे.

मग पहिला आठवडा उजाडतो. चाळीस लेकरं. दोघं रडतायत, एक जण दाराकडे पळतोय, एक मुलगी सकाळपासून एक शब्द बोललेली नाही, मागच्या ओळीत पाटीवरून भांडण सुरू आहे. कॉलेजात पाठ केलेलं सगळं विसरायला होतं. आवाज चढतो आणि हात टेबलावरच्या पट्टीकडे जातो. त्या एका क्षणात ती शिक्षिका कशी वागते, यावर त्या मुलांचं शाळेशी पुढे कसं जमणार, हे बरंचसं ठरतं.

अशा नव्या शिक्षिकेसाठी आणि तिच्या हाती आपलं मूल सोपवणाऱ्या आई-वडिलांसाठी आज आम्ही एका मोठ्या माणसाची आठवण काढत आहोत. आपल्या मुलांना डॉ. झाकीर हुसेन हे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून ठाऊक असतं. देशाचे तिसरे राष्ट्रपती आणि या पदावर पोहोचलेले पहिले मुसलमान. एवढं पाठ केलं की परीक्षेत गुण मिळतात. पण राष्ट्रपती भवनात ते जेमतेम दोन वर्षं होते. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी एका गरीब शाळेला दिली आणि त्या शाळेत सर्वांत जास्त जीव लावला तो सर्वांत लहान मुलांना.

पोरकं बालपण

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादला झाला. घराणं अफ्रिदी पठाणांचं, मूळचं संयुक्त प्रांतातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंजचं. वालिद फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करत आणि कायद्याची पुस्तकं छापत. सात भावांत झाकीर तिसरा. घरात सुबत्ता होती, पण ती फार काळ टिकली नाही. १९०७ मध्ये वालिद वारले तेव्हा झाकीर दहा वर्षांचा होता. आई नाझनीन बेगम मुलांना घेऊन कायमगंजला परतल्या. मुलांना शिक्षणासाठी इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात ठेवलं. १९११ मध्ये प्लेगच्या साथीने आईलाही नेलं. मुलगा तेव्हा इटाव्यालाच शिकत होता.

चौदाव्या वर्षी आई-बाप दोन्ही गमावलेल्या मुलासाठी शाळा म्हणजे काय असते, ते वेगळं सांगायला नको. इटाव्याचे हेडमास्तर सय्यद अल्ताफ हुसेन कडक शिस्तीचे होते, पण मुलांवर माया करणारेही होते. त्यांचा ठसा झाकीरच्या मनावर कायम राहिला. पुढे आयुष्यभर चांगल्या शिक्षकाबद्दल ते ज्या आपुलकीने बोलत आणि लिहीत, त्याचं मूळ इथे असावं असं आम्हाला वाटतं. ज्याला शाळेत घर सापडलं, त्याला शाळा घरासारखी करावीशी वाटली.

अलीगढचा निर्णय

इटाव्यानंतर अलीगढचं मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज. मधे डॉक्टर होण्याचा विचार होता, त्यासाठी लखनौला गेलेही, पण तब्येतीने साथ दिली नाही. पुन्हा अलीगढला आले. १९१५ मध्ये शाहजहान बेगम यांच्याशी निकाह झाला. १९१८ मध्ये बी.ए. झाले आणि पुढचं शिक्षण घेता घेता कॉलेजात शिकवायलाही लागले. हुशार मुलगा, उत्तम वक्ता, समोर सरकारी नोकरीची मोकळी वाट. घरच्यांना आणखी काय हवं असतं?

ऑक्टोबर १९२० मध्ये असहकार आणि खिलाफत चळवळीचं वारं अलीगढला पोहोचलं. गांधीजी आणि अली बंधू आले. सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्था सोडा, असं आवाहन झालं. तेवीस वर्षांच्या झाकीरने कॉलेज सोडलं. पण नुसतं सोडून भागणार नव्हतं. सोडलेल्या मुलांनी शिकायचं कुठे, हा प्रश्न होता. त्यातून २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. मौलाना महमूद हसन, हकीम अजमल खान, मौलाना मोहम्मद अली, डॉ. अन्सारी ही मोठी माणसं पुढे होती. सुरुवातीचे वर्ग तंबूंत आणि भाड्याच्या घरांत भरत.

१९२२ मध्ये झाकीर हुसेन जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली. अर्थशास्त्राच्या जोडीला तिथल्या शाळाही ते पाहत होते. त्या काळी जर्मनीत गेऑर्ग केर्शेनस्टायनर यांच्या कामाच्या शाळेचा विचार गाजत होता. मूल नुसतं ऐकून शिकत नाही, हाताने काही घडवताना शिकतं आणि ते काम मन लावून, नीट पूर्ण करताना त्याचा स्वभावही घडतो, असा तो विचार. झाकीर साहेबांनी तो आपलासा केला. बर्लिनमध्येच त्यांनी गालिबचा दिवाण देखण्या स्वरूपात छापून घेतला आणि त्यासाठी छापखान्यात स्वतः खिळे जुळवले. हाताच्या कामाची लाज त्यांना कधीच नव्हती.

बंद पडणारी शाळा

इकडे जामियाची दशा वाईट होती. खिलाफत चळवळ थंडावली, देणग्या आटल्या. १९२५ मध्ये संस्था अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत आणली. संस्था बंद करावी अशी भाषा सुरू झाली. झाकीर साहेबांनी जर्मनीतूनच निरोप पाठवला की आम्ही काही मित्र जामियाला आयुष्य द्यायला तयार आहोत, आम्ही येईपर्यंत ती बंद करू नका. १९२६ मध्ये ते आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या दोन मित्रांसह परतले आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी शेख-उल-जामिया, म्हणजे कुलगुरू झाले.

कुलगुरू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाडी आणि बंगला येतो. इथे त्यातलं काही नव्हतं. १९२७ च्या डिसेंबरमध्ये हकीम अजमल खान वारले आणि मदतीचा मोठा हात गेला. १९२८ मध्ये शिक्षकांनी एक प्रतिज्ञा घेतली : वीस वर्षं जामियाची सेवा करायची आणि महिन्याला दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही. दीडशे ही वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळे आणि तेही वेळेवर मिळेल याची खात्री नसे. युरोपातून डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस दुसरीकडे किती कमावू शकला असता, याचा हिशोब वाचकांनीच करावा.

पैसा नसलेल्या संस्थेने काय करावं? साधा सल्ला असा की वरचे वर्ग सांभाळा, कॉलेज दिमाखात चालवा, नाव होईल. झाकीर साहेबांनी जामियाच्या प्राथमिक शाळेकडे लक्ष वळवलं. त्यांचं म्हणणं असं होतं की आपल्याकडे शिक्षणाची इमारत वरून बांधतात आणि पाया तसाच कच्चा राहतो.

बूट पॉलिशची गोष्ट

जामियातली एक हकीकत अनेकांनी सांगितली आहे. मुलांनी स्वच्छ यावं, बूट पुसलेले असावेत, असं वारंवार सांगूनही काही मुलं मळक्या बुटांनीच येत. एके दिवशी कुलगुरू स्वतः पॉलिशची डबी आणि ब्रश घेऊन फाटकाशी बसले आणि येणाऱ्या मुलांचे बूट पुसायला लागले. मुलं ओशाळली. पुन्हा सांगायची वेळ आली नाही.

ही गोष्ट ऐकून आपण वाहवा करतो आणि पुढे जातो. पण नव्या शिक्षिकेने इथे थोडं थांबावं. झाकीर साहेबांकडे दंड करायचा अधिकार होता, मुलांना परत पाठवायचा अधिकार होता. त्यांनी तो वापरला नाही. त्यांच्या लिखाणात एक विचार पुन्हा पुन्हा येतो : राज्य करणारा हुकूम देतो आणि घाई करतो, शिक्षक वाट बघतो. शिक्षकाचं पहिलं लक्षण त्यांनी विद्वत्ता मानलं नाही, माया मानली. ज्या मुलाबद्दल सगळ्यांनी आशा सोडली, त्याच्याबद्दल आई आणि चांगला उस्ताद हे दोघं शेवटपर्यंत आशा सोडत नाहीत, असं ते मानत.

म्हणजे शिस्त नको असं नाही, बरं का. पुसलेले बूट हवेतच. पण ते कसे करायचे, हे मोठ्यांनी आधी करून दाखवायचं. वर्गात ओरडून शांतता मिळते, पण ओरडणं थांबलं की गोंगाट परत येतो. शिक्षिकेने स्वतः हळू आवाजात बोलायला सुरुवात केली की मुलं ऐकण्यासाठी गप्प होतात. पहिलीला शिकवणाऱ्या कुठल्याही जुन्या बाईंना विचारा, त्या हेच सांगतील.

मुलांची बँक, मुलांचं दुकान

जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली नावाचे शिक्षक होते. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. पंजाबात मोगा इथल्या शाळेत प्रकल्प पद्धतीचे प्रयोग चालत. ती पद्धत शिकून त्यांनी ती जामियात आणली. मुलांची बँक निघाली, मुलांचं दुकान निघालं. आज हे शब्द आपल्याला नवे वाटत नाहीत. त्या काळी पाढे घोकणं आणि छडी खाणं म्हणजेच शाळा होती, हे लक्षात घ्या.

दुकानात काय होतं बघा. पेन्सिल विकायची तर किंमत लिहावी लागते, म्हणजे अक्षरं आली. पैसे घेऊन सुटे परत द्यायचे, म्हणजे वजाबाकी आली. संध्याकाळी गल्ला जुळला नाही तर पुन्हा मोजायचं, म्हणजे खरेपणा आला. रांगेत उभं राहायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हे कुणी भाषण करून शिकवलं नाही, दुकानानेच शिकवलं. मुलाच्या हाताला काम असलं की दंग्याला वेळ उरत नाही. वर्ग सांभाळण्याचं निम्मं काम इथेच होतं.

१९३३ पासून या शाळेला आणखी एक माणूस मिळालं. गेर्डा फिलिप्सबॉर्न. बर्लिनमधल्या सुखवस्तू ज्यू घराण्यातली ही बाई झाकीर साहेबांची आणि त्यांच्या मित्रांची जर्मनीपासूनची ओळखीची. तिने जामियात येऊन लहान मुलांचा वर्ग आणि वसतिगृह सांभाळलं. घर सोडून आलेल्या छोट्या मुलांची ती मोठी बहीण झाली आणि सगळे तिला आपाजान म्हणू लागले. १९४३ मध्ये तिचं निधन झालं. जामियाच्या कब्रस्तानातच तिला दफन केलं. मुसलमानांच्या शाळेत एक ज्यू बाई आमच्या लेकरांची आपाजान झाली, ही गोष्ट आजच्या दिवसांत घराघरांत सांगायला हवी.

पाया कोणी घातला?

१ मार्च १९३५. दिल्लीबाहेर ओखल्याला, यमुनेच्या काठाजवळ जामियाच्या नव्या जागेचा पायाभरणी समारंभ होता. आपल्याकडे अशा वेळी कोणाला बोलावतात, ते आपण जाणतो. मंत्री, नवाब, शेठ, नाहीतर मोठे आलिम. जामियाने या कामासाठी निवडला प्राथमिक शाळेतला सर्वांत लहान विद्यार्थी, अब्दुल अझीझ. त्या लेकराच्या हाताने पायाचा दगड बसवला गेला. आणि नव्या जागेत सर्वांत आधी बांधली गेली ती प्राथमिक शाळाच.

यात भाषणबाजी नव्हती. संस्था कोणासाठी आहे, ते सगळ्यांच्या देखत सांगून झालं. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात पाहुणे येईपर्यंत पहिलीची मुलं दोन-दोन तास उन्हात बसलेली आम्ही पाहतो, तेव्हा हा अब्दुल अझीझ आठवतो.

वर्ध्याचा अहवाल

झाकीर साहेबांचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध येतो तो वर्ध्यामुळे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली. मुलांना एखाद्या हस्तोद्योगातून शिकवावं आणि त्यातून शाळेचा खर्चही निघावा, अशी गांधीजींची कल्पना होती. झाकीर साहेबांनी गांधीजींसमोरच मोकळेपणाने शंका मांडली. कामातून शिकणं त्यांना मान्य होतं. पण मुलांच्या कामातून पैसा काढण्यावर भर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेतील, ही भीती त्यांनी बोलून दाखवली. अशी शंका घेणाऱ्याला बाजूला सारण्याऐवजी गांधीजींनी त्यांनाच समितीचं अध्यक्ष केलं.

डिसेंबर १९३७ मध्ये समितीचा अहवाल आला. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून आणि सूतकताई, शेती, सुतारकाम अशा एखाद्या मूळ उद्योगाभोवती गुंफलेलं. दिवसाच्या साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटं उद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटं, मातृभाषेला चाळीस, समाजशास्त्र आणि विज्ञानाला तीस, कवायतीला दहा आणि सुट्टी दहा मिनिटांची. एका शिक्षकामागे तीसपेक्षा जास्त मुलं नकोत आणि शिक्षकाचा पगार शक्यतो पंचवीस रुपये, निदान वीसच्या खाली नको, असंही त्यात म्हटलं होतं.

तीसचा आकडा बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळेसाठी साठ मुलांना दोन शिक्षक, म्हणजे तेवढंच प्रमाण आलं. मधे बहात्तर वर्षं गेली. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. वर्गात पन्नास मुलं असताना शिक्षिकेने प्रत्येकाशी मायेने वागावं, असं नुसतं म्हणून चालत नाही.

टकळीचा उपयोगही समजून घ्यायला हवा. मूल टकळीवर सूत काढतं तेव्हा तार मोजतं, हे गणित. कापूस कुठे पिकतो, हा भूगोल. सूत का तुटतं, हे विज्ञान. आपण काय केलं ते लिहायचं, ही भाषा. पुढे ही योजना बऱ्याच ठिकाणी नीट चालली नाही. टकळी उरली आणि तिच्यातून शिकवण्याची तयारी असलेले शिक्षक कमी पडले. नुसतं साधन आणून वर्ग बदलत नाही. आज स्मार्ट टीव्ही लावलेल्या वर्गांतही आम्हाला हेच दिसतं.

आपल्याच लोकांचा राग

या अहवालाने झाकीर साहेबांना नाव दिलं, तशी टीकाही ओढवून आणली. मुस्लिम लीगने वर्धा योजनेला कडाडून विरोध केला. त्यात मजहबी शिक्षणाला जागा नाही, ही काँग्रेसची योजना आहे, मुसलमान मुलांची ओळख पुसली जाईल, असे आरोप झाले. मध्य प्रांतात सरकारने शाळांना विद्या मंदिर असं नाव दिल्याने रोष आणखी भडकला. ती योजना वेगळी होती, पण रागाच्या भरात असे फरक कोण बघतं?

सगळी टीका खोटी होती असं आम्ही म्हणणार नाही. आपल्या मुलांना आपला दीन, आपली भाषा शाळेत दिसावी, ही आई-बापांची इच्छा रास्त आहे. झाकीर साहेब स्वतः पाबंद मुसलमान होते आणि जामियात दीनी तालीम दिली जात होतीच. पण त्यांना दुःख याचं होतं की मूल कसं शिकतं, या प्रश्नावर कोणी बोलत नव्हतं, सगळे मुलाच्या डोक्यावरून एकमेकांशी भांडत होते. ते रागावले नाहीत, कामही सोडलं नाही. हिंदुस्तानी तालीमी संघाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी ते बरीच वर्षं पुढे नेलं.

रेहाना

आता जी हकीकत सांगणार आहोत, ती सांगताना आम्हालाही जड जातं. झाकीर साहेबांची एक लहानगी मुलगी होती, रेहाना. जामियाच्या लोकांनी सांगितलं आहे ते असं. प्राथमिक शाळेत मुलांना मिठाई वाटण्याचा दिवस होता. झाकीर साहेब स्वतः वाटत होते. कोणीतरी येऊन कानात सांगितलं की रेहाना गेली. चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. शेवटच्या मुलाला मिठाई देऊन ते घरी गेले. मागाहून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की मुलं इतकी खुश होती, त्यांच्या आनंदात खंड पाडणं बरं वाटलं नाही. घरच्यांनी पुढे सांगितलं की कितीतरी दिवस सकाळी त्यांची उशी ओली असे.

ही गोष्ट वाचून काही जण त्यांना फरिश्ता म्हणतील. एखादी आई मात्र म्हणेल की घरी शाहजहान बेगम एकट्या होत्या, आधी तिकडे जायला हवं होतं. आम्हाला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. प्रत्येक शिक्षकाने असं वागावं असं आम्ही मुळीच सुचवत नाही. पण त्या माणसाला समोरची मुलं परकी वाटत नव्हती, एवढं यातून कळतं.

पुढे त्यांनी लहान मुलांसाठी कहाण्या लिहिल्या. त्यावर स्वतःचं नाव घातलं नाही. लेखिकेचं नाव असे रुकय्या रेहाना. गेलेल्या लेकीचं नाव त्यांनी असं हजारो मुलांच्या हाती दिलं. त्यातली ‘अब्बू खाँ की बकरी’ उर्दू शाळांत शिकलेल्या कित्येकांनी वाचलेली असेल. फ्रेंच लेखक आल्फोन्स दोदे यांच्या गोष्टीवरून ती घेतली आहे. चांदनी नावाची बकरी दोर सोडून डोंगरात जाते, मोकळं राहते आणि लांडगा आल्यावर पहाटेपर्यंत त्याच्याशी झुंजते. लहान मुलांना कठीण गोष्टी सांगू नयेत, असं झाकीर साहेबांना वाटत नव्हतं. मुलाची समज कमी लेखू नये, हा त्यांचा आग्रह होता.

आग आणि बाग

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाची पंचविशी साजरी झाली. नेहरू आणि जिना एका मंचावर आले, ही त्या दिवसांत अशक्य वाटणारी गोष्ट झाकीर साहेबांमुळे घडली. देशभर दंगे पेटले होते. त्यांनी समोर बसलेल्या नेत्यांना कळवळून विनवलं की ही आग विझवा, आग कोणी लावली याचा हिशोब नंतर करा, कारण माणसांचं रान झालं तर आम्ही शिक्षक कोवळी मुलं वाढवायची कशी? त्यांचं कोणी ऐकलं नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये काश्मीरला जाताना जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना घेरलं. मरण समोर उभं होतं. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांचा जीव वाचवला. दिल्लीत परतले तर करोलबागेतली जामियाची पुस्तकं जळाली होती. एवढं सोसूनही त्यांच्या तोंडी कडवटपणा आला नाही. वर्ग पुन्हा सुरू झाले.

पुढचा प्रवास बहुतेकांना माहीत आहे. १९४८ ते १९५६ अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू, १९५७ पासून बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. गुलाबांचं त्यांना वेड होतं. चंदीगढची प्रसिद्ध गुलाबबाग त्यांच्याच नावाने आहे. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. त्यांची कबर जामियाच्या आवारात आहे, जिथे एका लहान मुलाने पायाचा दगड ठेवला होता.

नव्या शिक्षिकेसाठी आणि आपल्यासाठी

तर मग जूनमध्ये पहिलीच्या वर्गावर उभ्या राहणाऱ्या आपल्या लेकीने यातून काय घ्यावं? पट्टी कपाटात ठेवावी. पहिल्या आठवड्यात धडा पुढे न्यायची घाई करू नये, त्याऐवजी प्रत्येक मुलाचं नाव आणि घरी हाक मारतात ते नावही शिकून घ्यावं. रोज दारात उभं राहून मुलांना आधी आपणच सलाम, नमस्कार करावा. जे मुलांनी करावं असं वाटतं, ते आधी स्वतः करून दाखवावं. फळा पुसणं, पाणी भरणं, वह्या वाटणं, हजेरीत मोजायला मदत करणं, अशी खरी कामं मुलांना पाळीपाळीने द्यावीत. आणि जी मुलगी अजून बोलत नाही, तिच्याबद्दल आशा सोडू नये. एखादे दिवशी ती बोलेल, इन्शाअल्लाह.

आणि आपण घरच्यांनी? लहान वर्गाच्या शिक्षकाला लहान समजणं सोडावं. मुलाला पहिलीत कोण शिकवतं, हे आपल्याला ठाऊक असावं. पालक सभेला दहावीच्या वर्गात गर्दी आणि पहिलीच्या वर्गात चारच जण, हे चित्र बदलावं. मोहल्ल्यातल्या सर्वांत हुशार मुलीने पहिलीची शिक्षिका व्हायचं ठरवलं तर तिला यापेक्षा मोठं काही कर, असं सांगू नये. देशाच्या राष्ट्रपती भवनापर्यंत पोहोचलेल्या माणसाने आपल्या उमेदीची बावीस वर्षं जिथे घालवली, त्या शाळेत सर्वांत मोठा मान सर्वांत लहान विद्यार्थ्याला होता. तिलाही त्याच कामावर जायचं आहे. तिचा डबा भरून द्या आणि दुआ देऊन घराबाहेर पाठवा.